मुंबईत सब-थ्रीवाले इतके थोडे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: “मी एकतीस वर्षांचा, डोंबिवलीला राहतो. मुंबईची फुल मॅरेथॉन ३:०८ मध्ये केली. नंतर निकालाची यादी बघितली, तर तीन तासांच्या आत आलेले हौशी धावपटू अगदीच थोडे. बर्लिन, बोस्टन, व्हॅलेन्सियाच्या याद्यांत मात्र पानंच्या पानं सब-थ्री. मुंबईचा मार्ग एवढा स्लो आहे का? मला तीनच्या आत यायचंय, तर कोणती मॅरेथॉन धरू?”

त्या यादीवरून रस्ता किती वेगवान आहे ते कळत नाही. त्या पहाटे स्टार्टलाइनवर कोण कोण उभं होतं, एवढंच कळतं. या दोन गोष्टींची गल्लत सगळे करतात, मीही बरीच वर्षं केली. पण एवढ्यावर तुमची बोळवण करता येणार नाही. आजूबाजूला कोण धावतंय याचा आपल्या वेळेवर परिणाम होतोच, त्याकडे नंतर येतो.

मी वीसेक वर्षं धावतोय आणि त्यातली बारा वर्षं शिवाजी पार्क ते वरळी सी-फेस या पट्ट्यात इतरांना पळवतोय. निकालांच्या याद्या एक्सेलमध्ये ओतून चाळत बसणं हा माझा रविवार दुपारचा उद्योग. बायको विचारते, “आज कुणाची पत्रिका मांडलीय?”

सुरुवात भागाकारापासून. मुंबई मॅरेथॉनला साठ हजारांच्या घरात लोक उतरतात असं पेपरात छापून येतं. आकडा बरोबर आहे, पण त्यात ड्रीम रनला चेहरे रंगवून आलेले, दहा किलोमीटरवाले, हाफवाले, ज्येष्ठ नागरिक असे सगळे आले. पूर्ण ४२.१९५ धावणारे त्यातला लहानसा हिस्सा. लंडनला उलट आहे, तिथे सगळा मेळा फुलचाच. २०२५ साली तिथे ५६,६४० जणांनी शर्यत पूर्ण केली. एवढ्या समुद्रातून तीनच्या आतले हजारोंनी निघाले तर नवल काय? म्हणून नुसती संख्या घेऊन बसू नका.

मग टक्केवारी घ्यावी, असं कुणीही म्हणेल. तीही फसवते. समजा एका शर्यतीत २०,००० जण आणि त्यातले १,००० तीनच्या आत, म्हणजे ५ टक्के. दुसरीकडे १,५०० जण आणि १५० तीनच्या आत, म्हणजे १० टक्के. दुसरी शर्यत दुप्पट ‘वेगवान’ झाली का? दुसरीत कदाचित मजेखातर येणारे, संस्थेसाठी निधी गोळा करणारे, पहिल्यांदाच धावणारे आलेच नसतील. भागाकारात खालचा आकडा आटला की टक्का आपोआप फुगतो. लंडन-न्यूयॉर्कला चॅरिटीवाले आणि सोडतीत नंबर लागलेले लॉटरीवाले ढिगानं असतात, त्यामुळे तिथला टक्का बिचारा उगाच बदनाम होतो.

मी तिसरंच माप वापरतो: शंभरावा माणूस किती वाजता आला? खाली कितीही गर्दी असो वा नसो, वरच्या शंभरांवर तिचा परिणाम जवळपास नसतो. पुरुषांचा शंभरावा वेगळा बघायचा, बायकांची पन्नासावी वेगळी. एकत्र मोजलंत तर जिथे बायका जास्त धावतात ती शर्यत विनाकारण हळू दिसते, आणि आपल्याकडे फुलमध्ये बायकांचं प्रमाण अजून कमीच आहे. बोस्टनचे पात्रतेचे नियमसुद्धा बायकांना पुरुषांपेक्षा तीस मिनिटं जास्त देतात, हे ध्यानात ठेवा. पण हे मापसुद्धा शर्यतीची खोली, म्हणजे वरच्या थरात किती वेगवान माणसं आहेत, तेवढंच सांगतं. रस्त्याचा गुण त्यातून कळत नाही.

बोस्टनचंच घ्या. तिथे पानंच्या पानं सब-थ्री दिसतात, कारण दारातच चाळणी लावलेली आहे. २०२५ च्या शर्यतीसाठी १८ ते ३४ वयाच्या पुरुषांना तीन तासांची पात्रता होती. अर्ज आले ३६,३९३, घेतले २४,०६९. पात्रतेपेक्षा ६ मिनिटं ५१ सेकंद जास्त वेगवान असणाऱ्यांनाच जागा मिळाली. म्हणजे तुमच्या वयाच्या माणसाला २:५३:०९ लागत होते. पुढच्या वर्षासाठी पात्रताच २:५५ वर आणली, आणि त्यावरही ४ मिनिटं ३४ सेकंदांची कात्री लागली. एवढ्या चाळणीतून गेलेल्यांच्या यादीत सब-थ्री दिसणं म्हणजे आयआयटीच्या वर्गात गणित येणारी पोरं दिसणं. त्यात इमारतीचं काय कौतुक?

आणि बोस्टनचा रस्ता तर अजिबात सरळ नाही. सुरुवात ते शेवट सुमारे १४० मीटरचा उतार, पण शेवटच्या टप्प्याआधी न्यूटनच्या टेकड्या मांड्या पिळून काढतात. शिवाय मार्ग एका गावातून दुसऱ्या गावात जाणारा, त्यामुळे वारा पाठीशी आला तर पूर्ण वेळ पाठीशी, नाहीतर पूर्ण वेळ तोंडावर. २०११ साली वारा पाठीशी होता आणि जेफ्री मुताईनं २:०३:०२ लावले. त्या काळी जगात कुणी एवढं धावलं नव्हतं, पण उतारामुळे आणि एका दिशेच्या मार्गामुळे ते विश्वविक्रम म्हणून धरलेच नाहीत. पुढच्याच वर्षी उन्हाचा असा तडाखा होता की विजेता वेस्ली कोरीर २:१२:४० ला आला. २०१८ ला बर्फासारखा पाऊस आणि समोरून वारा. तेव्हा जिंकला जपानचा युकी कावाउची, २:१५:५८. एकाच रस्त्यावर विजेत्याच्या वेळेत जवळजवळ तेरा मिनिटांचा फरक! मग एकाच वर्षाची यादी उघडून ‘ही फास्ट, ती स्लो’ असं कसं ठरवणार? निदान चार-पाच वर्षांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात. त्यातही २०१७ नंतर वेळ कमी करणारे कार्बन प्लेटचे बूट आले. तेव्हा २०१५ ची एक यादी आणि २०२४ ची दुसरी अशी जोडी लावू नका.

कावाउचीचं नाव निघालंच आहे तर जपानबद्दल थोडं बोलतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. हा माणूस तेव्हा सैतामा प्रांतातल्या एका सरकारी हायस्कूलच्या ऑफिसात नोकरी करायचा. नोकरी सांभाळून धावायचा, आणि २:२० च्या आत त्यानं शंभराहून जास्त मॅरेथॉन केल्यात. २०२१ साली लेक बिवाच्या शर्यतीत केंगो सुझुकी २:०४:५६ ला आला, हे सगळ्यांना माहीत असतं. मला जास्त भावतं ते त्याच्या मागचं चित्र: त्या एका सकाळी चाळीसच्या आसपास पुरुष २:१० च्या आत आले. आपल्याकडे शिवनाथ सिंग यांनी १९७८ ला जालंधरमध्ये केलेले २:१२:०० चार दशकांहून जास्त काळ कुणाला मोडता आले नव्हते. जपानमध्ये रस्ते गुळगुळीत आहेत म्हणून असं होतं का? तिथे कंपन्यांचे पगारी संघ आहेत, विद्यापीठांचे संघ आहेत, आणि दरवर्षी २ आणि ३ जानेवारीला हाकोने एकिडेन ही विद्यार्थ्यांची रिले शर्यत अख्खा देश टीव्हीला डोळे लावून बघतो. १९२० पासून चालू आहे ती. विशीतच लांब पल्ल्याला वळलेली हजारो पोरं तिथे तयार असतात. आपल्याकडे हे काम प्रामुख्यानं सैन्यदल आणि रेल्वे करतात. नितेंद्र सिंग रावत आणि टी. गोपी दोघेही सैन्यातले. बाकी आपण हौशी मंडळी पस्तिशीत डॉक्टरनं रक्तातली साखर दाखवल्यावर बूट विकत घेतो. माझ्या गटातले निम्म्याहून जास्त असेच आलेत, आणि मी स्वतःही. हा टोमणा नाही, पण निकालाच्या यादीत सब-थ्री कमी का, याचं हे पहिलं कारण आहे. पेडर रोडच्या चढाचा नंबर त्यानंतर लागतो.

मग रस्ता मोजायचा कसा? माणूस तोच ठेवायचा आणि रस्ता बदलायचा. हेच एक माप मला बऱ्यापैकी प्रामाणिक वाटतं.

टी. गोपी जानेवारी २०१९ ला मुंबईत २:१७ च्या आसपास धावला आणि दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, दक्षिण कोरियातल्या सोलला २:१३:३९. माणूस तोच, तयारीचा हंगाम तोच, रस्ता आणि हवा वेगळी, फरक साडेतीन मिनिटांच्या आसपास. आता उलटं उदाहरण. इथिओपियाच्या हायले लेमीनं २०२३ ला मुंबईत २:०७:३२ चा इथला विक्रम केला, पुढच्या वर्षी २:०७:५० मध्ये पुन्हा जिंकला. हाच लेमी जानेवारी २०१६ ला दुबईत २:०४:३३ धावला होता, आणि तीन महिन्यांनी बोस्टन जिंकला तो २:१२:४५ मध्ये. त्याच्यापुरतं बघितलं तर बोस्टनपेक्षा मुंबई पाच मिनिटांनी वेगवान! असं कुणी म्हणणार नाही, कारण बोस्टनला त्या दिवशी ऊन होतं, पेसर (ठरलेल्या वेगानं पुढे धावून गती धरून देणारे) नव्हते, आणि जिंकणारे घड्याळाकडे न बघता एकमेकांकडे बघत धावतात. म्हणून एका माणसावर निकाल लावू नये आणि विजेत्यांवर तर कधीच नाही. तुमच्यासारखे ३:०० ते ३:३० मधले पंचवीस-तीस जण शोधा, ज्यांनी एकाच हंगामात दोन्ही शर्यती केल्यात, आणि त्यांच्या फरकांतला मधला आकडा घ्या. सरासरी नको, कारण एखाद्याचा पोटरीत गोळा येऊन चालत आलेला निकाल अख्खी सरासरी बिघडवतो.

यादी हातात आली की आधी निवडायलाही लागते. गनटाइम (शर्यत सुटल्यापासूनची वेळ) सोडा, चिपटाइम (धावपटूनं स्वतः स्टार्टलाइन ओलांडल्यापासूनची) घ्या. मग दर पाच किलोमीटरचे स्प्लिट, म्हणजे त्या त्या टप्प्याच्या वेळा, बघा. मागे एका शर्यतीच्या यादीत मला असा माणूस सापडला, जो आदल्या वर्षी पाच तास वीस मिनिटांत आला होता आणि या वर्षी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ३:०५. वाटेतले वेळ नोंदवणारे मॅट सगळे ओलांडलेले, स्प्लिट चोख. शर्यतीतला फोटो शोधून बघितला तर बिब, म्हणजे छातीवरचा नंबर, त्याचा आणि छातीमागे पंचविशीचा पोरगा. दुसऱ्या प्रकारात एखादा मॅटच गायब असतो. मुंबईसारखा गेलेल्या वाटेनं बराच परत येणारा मार्ग असला की दुभाजक ओलांडला, झालं काम. जिथे सब-थ्री मुळात थोडे, तिथे असे दोन-चार जणसुद्धा टक्केवारी हलवतात.

तीन तास ही रेघसुद्धा जरा चकवणारी आहे. जगभरच्या निकालांत ३:००, ३:३०, ४:०० या गोल आकड्यांच्या अलीकडे माणसांचा ढीग दिसतो आणि पलीकडे लगेच खड्डा. २:५९ वाले भरपूर, ३:०१ वाले कमी. लोक शेवटच्या दोन किलोमीटरला जीव काढतात, पेसरही त्याच वेळेला बांधलेले असतात. म्हणून दोन शर्यती ताडून बघताना मी फक्त तीन तासांवर थांबत नाही, २:५० आणि ३:१० वरही कापून बघतो. तिन्हीकडे क्रम तोच राहिला तर त्याला काही अर्थ.

आता मुंबईचा रस्ता, कारण त्याच्यावरच तुमचा राग दिसतोय. हौशी फुल पहाटे पाचच्या सुमारास सीएसएमटीपासून सुटते. जानेवारीतली मुंबई मुंबईकराला गुलाबी वाटते, पण मॅरेथॉनला दहा अंशांच्या आसपासची कोरडी हवा मानवते आणि आपल्याकडे पहाटेच अठरा-वीस अंश आणि वर दमटपणा. सी-लिंकवर बनियन भिजून पोटाला चिकटलेला असतो, घाम वाळतच नाही. परतीच्या वाटेवर हाजीअली ओलांडलं की पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पेडर रोडचा चढ. एरवी टॅक्सीत बसून जाताना तो चढ आहे हे जाणवतही नाही. त्या वेळी मात्र जसलोक ते केम्प्स कॉर्नर एवढं अंतर म्हणजे कसारा घाट. तुमच्यासारखा माणूस तिथे साडेसातला पोचतो. सव्वासातला सूर्य उगवलेला असतो, पण इमारतींआड. पाच तासवाला तिथे सव्वानऊला येतो तेव्हा डांबर तापलेलं असतं. म्हणजे मुंबईचं ऊन हळू माणसाला जास्त सोलतं, तुम्हाला कमी. तुम्हाला सोलतो तो दमटपणा आणि एकटेपणा.

माझ्या एका शिष्याला मी मुंबईत तीन तासांसाठी पेस करत होतो. सुरुवातीला आमच्या पट्ट्यात दहा-बाराजण होते. सी-लिंकवर सहा उरले. शिवाजी पार्कला माझे नेहमीचे चहावाले ओरडले तेव्हा आम्ही तिघं, आणि हाजीअलीला दोघं. पेडर रोडवर एक काकू पातेल्यात संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या होत्या. त्यानं फोड घेतली, चावली आणि म्हणाला, “सर, पुढे कुणी दिसतच नाहीये हो.” शब्दशः खरं होतं ते. प्रभुकुंजपासून केम्प्स कॉर्नरपर्यंत रस्ता रिकामा. ज्याच्या पाठीला डोळे लावावेत असा एकही माणूस नाही. ३:०२ ला आला तो. त्याच वर्षी सप्टेंबरात बर्लिनला गेला. तिथे तीन तासांच्या पेसरच्या फुग्यामागे साठ-सत्तर जणांचा घोळका. वारा अंगावर येत नाही, गती कुणी ना कुणी धरून ठेवतं, डोकं बंद ठेवून चालतं. २:५७ ला आला. रस्ता सपाट होता, हवा थंड होती, हे खरंच, पण मला विचाराल तर त्यातली दोन मिनिटं त्या घोळक्याची.

म्हणजे जिथे वेगवान लोक जास्त, तिथे वेगवान लोक आणखी तयार होतात. संख्या रस्त्याबद्दल काही सांगत नाही, पण सोबतीबद्दल सांगते, आणि शर्यत निवडताना ती बघावी ती याच्यासाठी. एकूण सब-थ्री किती हे बघू नका. २:५५ ते ३:०५ या दहा मिनिटांत किती जण आले ते मोजा. शंभराहून जास्त असतील तर तुम्हाला घोळका मिळेल. वीस असतील तर बत्तिसाव्या किलोमीटरनंतर एकटं धावायची तयारी ठेवा.

त्या घोळक्याची किंमतही आहे. मार्ग सायकलला मीटर लावून सगळ्यात जवळच्या रेषेनं मोजलेला असतो, वर हजारात एक भाग जास्त, कमी पडू नये म्हणून. गर्दीत तुम्ही ती रेषा धरू शकत नाही. बर्लिनला ती निळ्या रंगात आखलेली असते तरी तिच्यावर पाऊल ठेवायला जागा मिळत नाही. घड्याळात ४२.६ होतात. किलोमीटरला ४:१६ धरलात तर कागदावर ३:००:०२ होतात, म्हणजे दोन सेकंदांनी हुकलात. ४:१५ धरलेत आणि ४२.६ धावलात तर ३:०१:०३. म्हणून माझी पोरं ४:१३ वर सराव करतात.

तर तुम्ही काय करावं. ३:०८ वरून तीनच्या आत म्हणजे किलोमीटरमागे अकरा-बारा सेकंद. त्यातले काही रस्ता आणि हवा देईल, सगळे नाही. युरोपचा खर्च आणि व्हिसा जमत असेल तर डिसेंबरातली व्हॅलेन्सिया: सपाट, थंड आणि तुमच्या गतीची माणसं मुबलक. जमत नसेल तर फेब्रुवारीतली दिल्ली, मुंबईनंतर महिन्याभरानं. तिथला रस्ता सपाट आहे, पहाट थंड असते, आणि सैन्यदलातली पोरं पुढे असल्यामुळे वरचा थर बरा असतो. मुंबई त्याआधी लाँग रन, म्हणजे सरावाची लांब धाव, म्हणून ३:१५ नं धावा, जीव काढू नका. डोंगरउताराच्या शर्यती टाळा. त्यात आलेली वेळ मनाला बरी वाटते, पण २०२७ पासून बोस्टन १,५०० फुटांपेक्षा जास्त उताराच्या मार्गावरच्या वेळेत पाच मिनिटं चढवून मग हिशेब करणार आहे, आणि ३,००० फुटांच्या वर दहा.

आणि दिल्लीच्या गेल्या तीन वर्षांच्या याद्या काढून २:५५ ते ३:०५ मधले मोजून मला कळवा. डोंबिवलीहून रविवारी पहिली लोकल पकडून साडेपाचपर्यंत शिवाजी पार्कला पोचता येतं का तेही बघा. आमचा ४:१३ वाला गट तिथून पावणेसहाला सुटतो, सध्या पाचजण आहेत.